तीन इंचांचे यंत्र

बर्फ किती पडला हे पाहून यंत्र निवडावे, घरात यंत्र केवढे आहे हे पाहून बर्फाची वाट पाहू नये, हे साधे तत्त्व एल्मर टेर्व्हो यांना वयाच्या बहात्तराव्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका सकाळी उमगले. ते उमगले नसते तर पुढील सर्व अनर्थ टळला असता, असे त्यांच्या पत्नी जॉयस यांचे आजही ठाम मत आहे.

त्या सकाळी आमच्या कॉपर बेंड गावात तीन इंच बर्फ पडला होता. आमच्याकडे तीन इंचांना कोणी बर्फ म्हणत नाही. सरोवरावरून वारा सुटला की एका दमात दोन फूट टाकून जातो, त्याला आम्ही बर्फ म्हणतो आणि त्याचीच आठवण ठेवतो. परंतु दोन फूट महिन्यातून दोनदा येतात आणि तीन इंच मात्र रोज येतात. मोठ्या संकटास मनुष्य कंबर कसून उभा राहतो, आणि रोजच्या किरकोळ त्रासाने त्याची कंबर मोडते, त्यातलाच हा प्रकार होय.

एल्मर यांनी नेहमीप्रमाणे गॅरेजमधून रेडा बाहेर काढला.

रेडा हे त्यांच्या बर्फ उडवायच्या यंत्राचे नाव होय. सव्वीस वर्षांपूर्वी एल्मर आणि त्यांचे शेजारी क्लाइड ट्रेवार्थन या दोघांनी मिळून ते घेतले. लाल रंग, लोखंडी जबडा, छातीएवढी उंची आणि अंगात दोन चक्रे, एक बर्फ चावून आत ओढणारे, दुसरे तो चाळीस फूट लांब कुंपणापलीकडे भिरकावणारे. दोन्ही घरांच्या गाडीवाटा तो एकटा मोकळ्या करी. पण त्याला माणसे दोन लागत. एल्मर मुठी धरीत. क्लाइड पुढे चालत. त्यांच्या हाती ढकलपाटी असे, म्हणजे मुठीचा दांडा असलेले पत्र्याचे मोठे सूप. तिने ते कडेचा बर्फ सारीत, वर्तमानपत्र गाडले गेले असेल तर उचलीत, आणि हाताने डावे-उजवे दाखवीत. रेड्याच्या गर्जनेत एकही शब्द ऐकू येणे शक्य नव्हते. अशा रीतीने सव्वीस हिवाळे हे दोन गृहस्थ रोज सकाळी तासभर एकमेकांशी एक अक्षर न बोलता सोबत चालले, आणि याहून जवळचा मित्र जगात असू शकत नाही असे दोघांचेही मत होते.

सप्टेंबरात क्लाइड वारले.

जाण्याच्या दोन दिवस आधी रुग्णालयात त्यांनी एल्मर यांना जवळ बोलावून एवढेच म्हटले होते, "मर्टलची वाट."

मर्टल म्हणजे क्लाइड यांच्या पत्नी. एल्मर म्हणाले, "आठच्या आत."

मग दोघांनी बराच वेळ माशांविषयी चर्चा केली.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होते. तेथे केशराचा गोड पाव आणि थंड मांसाच्या फोडींच्या टेबलापाशी क्लाइड यांची कन्या डेनीस, जी दूर अॅरिझोनाच्या वाळवंटात नोकरी करते, आपल्या आईस म्हणाली, "आई, हा एक हिवाळा तू राहा. पण ज्या दिवशी सकाळी आठला तुझी वाट बंद दिसली ना, त्या दिवशी मी विमानात बसले म्हणून समज. एकटी कोंडून पडलेली मला चालायची नाहीस."

"तुला तिकडून दिसणार कशी?" मर्टल यांनी विचारले.

डेनीसने दारावर एक नवी घंटी बसवली. त्या घंटीत कॅमेरा होता, बोलायची सोय होती, आणि अॅरिझोनातल्या फोनवर मर्टल यांची गाडीवाट चोवीस तास दिसत होती. आमच्या सकाळच्या आठला तिकडे सहा वाजतात. ती मुलगी रोज सहाला गजर लावून आईची गाडीवाट पाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल, कारण पुढे गावाने तिला बरेच बोल लावले.

हातात बशी घेऊन उभे असलेले एल्मर हे सर्व ऐकत होते. मर्टल यांचे राहणे आता सर्वस्वी त्यांच्या दोन हातांवर येऊन पडले होते. त्यांपैकी एक हात, म्हणजे उजवा, खांद्यातून पूर्वीच गेलेला होता. परंतु ही गोष्ट त्यांनी त्या प्रसंगी काढली नाही.

असो. त्या नोव्हेंबरच्या सकाळी रेड्याने तीन इंच बर्फ तोंडात घेतला आणि त्यास तो रुचला नाही. मोठ्या यंत्राचे असेच असते. घास भरपूर असेल तरच ते दूर फेकते, थोडक्या बर्फाची केवळ लाळ गाळते. पुढे डावे-उजवे दाखवणारे कोणी नव्हते. वळणावर खांद्यातून कळ आली, मूठ सुटेना, आणि रेडा एल्मर यांना घेऊन जॉयस यांच्या लायलॅकच्या झुडपात गेला.

जॉयस दारात आल्या. "एल्मर, तू त्याला चालवतोयस की तो तुला?"

"झुडूप वाटेत होतं."

"तीस वर्षं तिथंच आहे ते!"

येथेच एल्मर यांना प्रारंभी सांगितलेले तत्त्व उमगले. हलक्या बर्फासाठी एक हलके यंत्र घ्यावे आणि रेडा मोठ्या बर्फापुरता राखून ठेवावा, असे त्यांनी झुडपातच ठरवले.

आमच्या गावात यंत्र बदलणे ही खाजगी बाब नाही. सहकारी दुकानात मागच्या बाजूस कॉफीचे टेबल आहे, तेथे तिचा प्रथम विचार होतो. समोरच्या घरात राहणारे गिल सुपानचिच त्या टेबलाचे प्रमुख. गिल यांच्याजवळ स्वतःचे यंत्र नाही. ते बर्फ काढण्यास माणूस लावतात, त्यामुळे सल्ला देण्यास त्यांना भरपूर सवड असते.

"छोटं यंत्र?" गिल म्हणाले. "एल्मर, अरे तू फिनलंडच्या रक्ताचा माणूस ना रे? तुझ्या आजोबांनी फावड्यानं खाणीचा रस्ता उघडला होता."

"आजोबा चव्वेचाळीसाव्या वर्षी गेले."

"पण काय खांदे होते!"

दुसऱ्या दिवशी एल्मर यांनी यंत्र आणले. दुकानात एकच रंग शिल्लक होता, तो म्हणजे लिंबासारखा पिवळा. एका हाताने उचलता यावे इतके ते हलके होते. त्यास एकच चक्र, आणि चक्राला रबराच्या पट्ट्या. त्या पट्ट्या जमीन चाटून बर्फ उडवतात, मागे एक कणही ठेवीत नाहीत. सुरू केले की त्यातून शिवणयंत्रासारखा आवाज येई.

एल्मर ते गाडीतून उतरवीत असता रस्त्यापलीकडून गिल यांनी हाक दिली, "अरे वा, अभिनंदन! बाळाचं नाव काय ठेवलं?"

एल्मर यंत्र उतरवीत राहिले. चव्वेचाळीस वर्षे शाळेची बस चालवलेल्या माणसास पाठीमागून येणाऱ्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणे अवघड नसते. तथापि त्या दिवसापासून ते यंत्र घराच्या मागून, झाडांच्या आडून नेऊ लागले, हेही खरे.

आता जी चूक घडली तिचे स्वरूप सांगितले पाहिजे, कारण ती आमच्याच भागातला माणूस करू शकतो. एल्मर यांची गाडीवाट डांबरी आहे. मर्टल यांची खडीची. खडीच्या वाटेवर पहिला बर्फ काढायचा नसतो. तो गाडीच्या चाकांखाली दाबून, गोठवून, त्याचा थर होऊ द्यायचा असतो, आणि नंतरचा बर्फ त्या थरावरून काढायचा असतो. हे आमच्याकडे पाळण्यातल्या मुलास ठाऊक असते. एल्मर यांनी स्वतः गावात नव्याने आलेल्या तीन पाद्र्यांना हा उपदेश केला होता. परंतु रेड्याच्या पायाशी लोखंडी पट्ट्या असल्याने तो जमिनीपासून बोटभर वर चाले. खडीस त्याने कधी स्पर्श केला नाही. त्यामुळे हे ज्ञान सव्वीस वर्षे एल्मर यांच्या जिभेवरच राहिले, हातापर्यंत उतरलेच नाही.

पुढच्या तीन इंचांना त्यांनी प्रथम स्वतःची वाट साफ केली. वीस मिनिटे. खांद्यास कळ नाही, डांबर धुतल्यासारखे. त्यांच्या तोंडून शीळ निघाली. क्लाइड गेल्यापासून ही पहिलीच. त्याच आनंदात ते सात वाजून चाळीस मिनिटांनी मर्टल यांच्या वाटेवर वळले.

पहिला खडा पत्र्याच्या टपालपेटीवर लागला. एल्मर यांना वाटले, बर्फाचा गोळा असावा. दुसऱ्याने पायरीवरची कुंडी फोडली. तिसरा कोठे गेला हे कळले नाही. यानंतर मुठी सोडून यंत्र बंद करावे हा विचार त्यांच्या मनात आला; परंतु रेड्याच्या मुठीची सवय असलेल्या हाताने त्या आणखी घट्ट आवळल्या. वाट घराकडे वळते त्या ठिकाणी यंत्राने दाराच्या दिशेने एक मूठभर खडी एकदम सोडली, आणि घंटीतला कॅमेरा फुटला.

अॅरिझोनात डेनीसला काय दिसले, तर कानटोपी घातलेला एक इसम, हाती काहीतरी पिवळे, तो दाराकडे धावून येतो आहे, दगड, आणि काळोख.

सव्वाआठला शेरीफचा शिपाई आला. तो मर्टल यांच्या स्वयंपाकघरात कॉफी घेत वहीत लिहू लागला.

"अज्ञात इसमाकडून घरावर दगडफेक," तो म्हणाला.

"अज्ञात?" एल्मर उभे राहिले. "अरे, तुला मी बारा वर्षं शाळेत पोचवलं! दोनदा तुझा डबा घरून आणून दिला!"

"तुम्हाला ओळखतो मी, मिस्टर टेर्व्हो. पण अॅरिझोनातून तक्रार करणाऱ्या बाईंनी तुमचं नाव नाही दिलं. आधी अज्ञात लिहायचं, मग कचेरीत जाऊन दुरुस्ती अर्ज करायचा. नियमच तसा आहे."

मर्टल खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. एल्मर यांना वाटले त्या रडत आहेत. त्या वळल्या तेव्हा दिसले की हसण्याने त्यांना श्वास घेता येत नव्हता.

"क्लाइड असता ना," त्या म्हणाल्या, "तर खुर्चीवरून पडला असता." आणि मग मात्र त्यांनी डोळे पुसले.

जिल्हा कचेरीतील दुरुस्ती अर्जात 'हल्लेखोराचे वर्णन' असा रकाना होता. एल्मर यांनी 'पिवळे, एक चक्र' असे लिहिले. खिडकीमागील बाईंनी ते वाचून विचारले, "हेतू?"

"कुणाचा? यंत्राचा?"

"रकाना रिकामा नाही ठेवता येत."

एल्मर यांनी पुष्कळ विचार केला आणि प्रामाणिकपणे लिहिले, 'वाट मोकळी ठेवणे.'

त्या संध्याकाळी डेनीसचा फोन आला. एल्मर यांनी सर्व कबूल केले. ती रागावली नाही, आणि त्याचाच त्यांना अधिक त्रास झाला.

"एल्मर काका, तुम्ही बाबांसाठी खूप केलंत. पण तुम्हीसुद्धा बहात्तरचे आहात. मी शुक्रवारी सकाळी येतेय. नवा कॅमेरा आणते, आणि आईचं तिकीटही. वाट माझ्या डोळ्यांनी बघते. उघडी असली तर बोलू."

"उघडी असेल," एल्मर म्हणाले. "आठच्या आत."

गुरुवारी दुपारी सरोवरावरून वारा सुटला.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता एल्मर यांनी दार उघडले तेव्हा बावीस इंच बर्फ पडलेला होता. शिवाय बर्फ सारणारा सरकारी नांगर रस्ता साफ करून गेला होता आणि त्याने नेहमीप्रमाणे प्रत्येक घराच्या तोंडाशी कमरेएवढा बांध घालून ठेवला होता. पिवळे यंत्र त्यांनी एकदा पुढे लावून पाहिले. ते बर्फात नाकापर्यंत शिरले आणि आतून शिवणयंत्राचा मंद आवाज येत राहिला. एल्मर यांनी ते हळूच उचलून परत आत ठेवले. दोष त्याचा नव्हता. ते तीन इंचांसाठी जन्मले होते.

रस्त्यापलीकडे गिल दारात उभे होते. "मी म्हटलं होतं!" ते ओरडले.

"तुझा बर्फवाला कुठाय, गिल? त्याला इकडे पाठव ना!"

"तोच घरात अडकलाय!" गिल यांनी सांगितले, आणि आयुष्यात प्रथमच सल्ला न देता दार लावून घेतले.

एल्मर गॅरेजात परतले तेव्हा जॉयस रेड्याच्या पुढ्यात उभ्या होत्या.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर फ्लोरिडाला गेलेत."

"एल्मर, ती तिच्या मुलीकडे गेली तर कुठं वनवासात नाही जाणार. ऊन असतं तिकडे."

"मी त्याला शब्द दिलाय, जॉयस."

जॉयस यांनी त्यांच्याकडे पाहिले, गळ्याभोवतीचा मफलर सोडून पुन्हा नीट बांधला, आणि त्या बाजूस झाल्या.

रेडा गरजला. पहिल्या बांधातच खांद्यात कळ उठली आणि मग ती गेलीच नाही. डोळ्यांत बर्फाची पूड जात होती. पुढे काहीच दिसत नव्हते. कुंपण कोठे, वाट कोठे, याचा अदमास लागेना, आणि सात वाजून गेले तरी मर्टल यांची निम्मी वाट राहिली होती. तेव्हा समोरच्या धुरळ्यातून तपकिरी कोट घातलेली एक आकृती पुढे आली. हाती ढकलपाटी होती. ती रेड्याच्या पुढे दहा पावलांवर उभी राहिली आणि कडेचा बर्फ सारू लागली.

एल्मर यांनी काही विचार केला नाही. ते सव्वीस वर्षे जसे चालले तसे चालले. कुंपणाचा कोपरा आला तेव्हा ते पूर्ण आवाजाने ओरडले, "क्लाइड, डावीकडे!"

रेड्याच्या गर्जनेत ते कोणास ऐकू जाणे शक्य नव्हते. पण आकृती डावीकडे वळली, आणि हात वर करून तिने पुढची दिशा दाखवली.

आठला दहा मिनिटे असताना रेडा बंद झाला. मर्टल यांनी नवऱ्याच्या कोटाची टोपी मागे टाकली. त्यांचे पांढरे केस कपाळास चिकटले होते. दोघेही धापा टाकीत होते. क्लाइडचे नाव कोणी काढले नाही. एल्मर यांचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. मर्टल यांनी तो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि पाटी भिंतीशी टेकवून त्या आत गेल्या.

डेनीसची भाड्याची गाडी आली ती चाक न घसरता थेट पायरीपर्यंत आली. दोन्ही बाजूंस मांडीएवढ्या बर्फाच्या भिंती, सुरीने कापाव्यात तशा सरळ. ती उतरली, मागे वळून वाटेकडे पाहू लागली, आणि तिला रडू कोसळले.

"मानलं, एल्मर काका," ती म्हणाली. "मी चुकले. आई, राहा तू. इथंच राहा. मी परत नाही विचारणार."

एल्मर यांनी टोपी काढून घाम पुसला. ते जिंकले होते. बहात्तर वर्षांत त्यांनी फारसे काही जिंकले नव्हते, त्यामुळे अशा वेळी चेहरा कसा ठेवावा हे त्यांना उमजेना.

"मी बॅग भरलीये," मर्टल दारातून म्हणाल्या.

"आई, पण वाट तर उघडीय!"

"हो, म्हणूनच." त्या एल्मर यांच्याजवळ आल्या. "क्लाइडनं तुझ्याकडून शब्द घेतला. मला नाही विचारलं. त्याची ती जुनीच खोड. मी इथं राहिले तर तू थांबणार नाहीस, एल्मर. एक दिवस त्या रेड्याच्या मागं पडशील, आणि मला खिडकीतून दिसशील. एकाला पडलेलं पाहिलं मी. पुरे झालं."

"माझा खांदा बरा आहे."

"हात वर कर बघू."

एल्मर यांनी प्रयत्न केला. तो प्रयत्न अर्ध्यावर थांबला तेव्हा त्यांनी त्याच हाताने नाक खाजवल्यासारखे केले, पण फसले कोणीच नाही.

दुपारी त्या निघाल्या. डेनीसने नवा कॅमेरा बसवला. घर उन्हाळ्यापर्यंत तसेच ठेवायचे ठरले होते. जॉयस यांनी वाटेत खायला मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्टी बांधून दिल्या. त्या अरुंद वाटेतून गाडी मागे काढणे डेनीसला जमेना, म्हणून एल्मर मागे उभे राहिले आणि डाव्या हाताने तिला दिशा दाखवू लागले. थोडे डावीकडे. आता सरळ. येऊ दे. ज्या वाटेसाठी त्यांनी खांदा पणाला लावला, त्याच वाटेने त्यांनी आपल्या हाताने मर्टल यांना रस्त्यावर पोहोचवले. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर गिल दारातून बाहेर आले आणि दोन्ही हात खिशात घालून त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"भिंती सरळ आल्यात," ते म्हणाले.

चार दिवसांनी तीन इंच पडले.

हवा स्थिर होती, बर्फ कोरडा, पिसासारखा. पिवळ्या यंत्रासाठीच जणू मागवलेला. एल्मर यांनी वीस मिनिटांत स्वतःची वाट केली. साडेसात वाजले. मर्टल यांच्या खडीवर आता दाबलेला, गोठलेला जाड थर होता. चूक होण्याची भीती उरली नव्हती. ते या वेळी झाडांच्या आडून नव्हे, समोरून, गिल यांच्या देखत यंत्र घेऊन गेले आणि वाटेच्या तोंडाशी त्यांनी ते सुरू करायच्या दोरीला हात घातला.

"एल्मर."

आवाज दारातून आला. एल्मर यांनी दचकून घराकडे पाहिले. पडदे लावलेले होते. घंटीवर निळा दिवा लागला होता.

"मर्टल? तिकडे साडेपाचच वाजले असतील."

"झोप कुठं लागतेय. उकडतं इथं." घंटीतून त्यांचा आवाज बारीक, डब्यात ठेवल्यासारखा येत होता. "एल्मर, काढू नकोस."

"तीनच इंच आहे. हे यंत्र यासाठीच तर..."

"माहितीये रे. पण राहू दे तसाच. इथं दाराबाहेर सगळं तपकिरी आहे. मी सकाळी उठून हेच बघते."

एल्मर यांनी दोरी सोडली. घराच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत बर्फ एकसंध पडलेला होता, त्यावर अजून पाखराचेही पाऊल नव्हते. त्यांचीच तीन पावले काय ती वाटेच्या तोंडाशी उमटली होती.

"तीन पावलं पडलीत माझी," ते म्हणाले. "माफ कर."

"राहू देत. तीही दिसतायत."

नंतर निळा दिवा विझला. एल्मर यांनी कॅमेऱ्याच्या दिशेने टोपी काढली, पुन्हा घातली, पिवळे यंत्र डाव्या हाताने उचलले, आणि आपल्याच तीन पावलांत पाय ठेवीत ते उलट्या पावली मागे आले.